पाणी पिऊन उभी आहे

मानाच्या खुर्चीवर बसलेले मोठे डॉक्टरसाहेब, शेजारच्या सगळ्या सिस्टर, आमच्या किरणांच्या मशीनवाल्या ताई आणि बाकांवर आपापल्या नंबरची वाट बघणाऱ्या माझ्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी शिवणकाम करणारी बाई, चौथीत शाळा सुटलेली. भाषण मला येत नाही. त्यात पाणी पिऊन उभी आहे आणि पुढचा नंबर माझाच, तेव्हा पाल्हाळ लावणार नाही. हसू नका. बाकावरच्या सगळ्या जणींची हीच गत आहे.

ताई आज निवृत्त होतायत. चार शब्द चांगले बोला म्हणाले सगळे. चांगलं काय बोलू? माझे शेकाचे अर्धे दिवस अजून बाकी आहेत आणि ताई चालल्या.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. ओटीपोटावर किरणांचा शेक घ्यायचा तर पाणी पिऊन, लघवी रोखून यावं लागतं. लघवीची भरलेली पिशवी आतड्यांना वर ढकलते, मग किरणं त्यांना कमी लागतात. पिशवी रिकामी असली की आतडी खाली येतात आणि पुढे जुलाबानं बाई अंथरूण धरते. हे मला आधी समजावलं नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या कानात काही शिरतं का?

माझी नणंद म्हणाली, वहिनी, पाणी कमी प्या, म्हणजे जळजळ कमी होईल. मला पटलं. टेबलावरच फजिती झाली तर, ही धास्ती होतीच. दोन घोट प्यायले आणि पिशवी भरलीय असं सांगून आडवी झाले. ताईंनी आधी आतला फोटो काढला आणि दार उघडून आल्या.

"उतरा, मावशी. पिशवी रिकामी आहे."

मी तणतणले. घरी लोकांचे कपडे पडलेत, माझा वेळ काय फुकटचा आहे? त्यांनी किरणांसाठी माझ्या कमरेवर केलेल्या खुणांकडे बोट दाखवलं. मी कापडावर खडूनं करते तशाच त्या.

"कापलेलं परत जोडलं तरी ते आधीसारखं होतं का?"

उतरले. पाणी प्यायले.

तेव्हापासून रोज ते जाड दार लागतं, आत मी एकटी, मशीन डोक्यावरून फिरतं आणि भिंतीतून ताईंचा आवाज येतो, "हलू नका, मी बघतेय." त्या आवाजावर मी पडून राहते. उद्या तो नसेल. ताईंच्या जागी आलेल्या या नव्या बाई हुशार असतील हो. पण मी खोटं बोलले तर त्या मला उतरवतील का? की लाजतील?

म्हणून एक मागणं आहे. माझ्याकडे कुणी नवी कामाला आली की पहिलं कापड ती कापते आणि मी नुसती शेजारी उभी राहते. आज मला नव्या बाईंनी आत घ्यावं. फोटो त्यांनीच बघावा, आवाजही त्यांनीच द्यावा. ताई, तुम्ही फक्त मागे उभ्या राहा. म्हणजे उद्या घाबरायला जरा कमी होईल.

ताई, तुमचे उपकार मानते. सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. तोंडाची फटकळ आहे, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आता मला वाट द्या. नव्या बाई, चला, पिशवी भरलीय. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, आधी बघा.