अहो, करा की!

न्हाई न्हाई, मला धने-जिऱ्याचं पाणी नको, शहाळं नको, काय नको! माझं समदं येवस्थित हाय! तुमाला सांगतो, गल्लीतनं मान वर करून चालायची सोय ऱ्हायली न्हाई… लाज वाटती हो, लाज! आणि ही लाज आणली कुणी? कुत्र्यानं!

आता कुत्र्यानं म्हणजे… माझ्याच तोंडानं. होटगीच्या फाटकापाशी ट्रॅक्टरनं उडवलं त्याला, कमरेखालचं समदं लुळं पडलं, मी आपला रेल्वेचा माणूस, ड्यूटी संपवून निघालेला, घातलं पोत्यात, आणलं सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात. तितं ऋतुजा म्हणून एक पोरगी, असली अधू कुत्री सांभाळणारी, केसपेपर लिहीत बसलेली. म्हणाली, "नाव?" मला वाटलं माझं! मी ऐटीत सांगितलं, "मल्लेश!" झालं! पेशंट मल्लेश! आणि टाके सुकल्यावर, "काका, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत तुम्हीच न्या ना…" नेलं!

घरी बायको, सिद्धेश्वरी, दुधनीची. लगीन झाल्यापासनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलं न्हाई बाईनं, ती कुत्र्याला मल्लेश म्हणती व्हय? म्हटलं, दुसरं नाव ठेव की! तर म्हणती, "आजाऱ्याचं नाव बदलू न्हाई, आजार चिकटतो." मग हाक मारायची कशी? मला मारती तशीच… "अहो!"

बरं, ह्याला आपसुक सू होत न्हाई. पोट दाबून करवायला लागती, न्हाई तर मूत्रपिंडं निकामी. आणि जरा घाबरलं की ते पोट आवळून धरतंय, म्हणून गोड बोलत दाबायचं. अंगणात बसून बाई सुरू! "अहो, करा की… असं धरून ठेवू न्हाई… दाबू का जरा? अग्गोबाई, केलं! शाणं माझं!" भिंतीपल्याड राजाबाई. तिला फक्त ऐकू येतंय! तुमीच सांगा, तिनं काय समजावं? दुसऱ्या दिवशी धने-जिऱ्याचं पाणी घेऊन दारात. चहाच्या गाड्यावर निंगप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतोय, "माणसानं लाजू न्हाई, मल्लेशअण्णा. माझ्या सासऱ्यालाबी व्हतं. मोठी लंगोटं मिळत्यात आता." मी म्हटलं, ते कुत्र्याचं हाय! तर त्यो हळूच म्हणतो, "व्हय व्हय, कुत्र्याचंच…" लाज वाटती हो, लाज!

मग बायको गेली दुधनीला, भाच्याचं जावळ. जाताना मला बजावलं, "वेळेवर करवा, बोलत बोलत करवा." मी त्याला अंगणात आणलं, तर राजाबाई पापड वाळत घालत बसलेली. फिरलो माघारी! आत नेऊन दार लावून दाबलं. पण मुकाट्यानं. तोंडातनं 'अहो' काढायची लाज वाटली, काय सांगू! त्यानं पोट जे आवळलं… सांजच्याला हात लावला, तर पोट घट्ट, दगडावानी, आणि बिचारं माझ्याकडं बघतंय. माझ्या अब्रूपायी त्याचा जीव चालला होता हो. ही खरी लाज. आधीची ती काय लाज होती?

पळवलं दवाखान्यात. डॉक्टरनं दाबून बघितलं, थेंब न्हाई. "नळी घालावी लागेल. पण घाबरलंय फार. घरी कसं करता?" मी म्हटलं, "बोलून." "मग बोला की!" मागं बाकावर माणसं… कुणाची मांजर, कुणाचं बोकड… आणि ऋतुजा. मी डोळे मिटले आणि बायकोचा आवाज काढला, बारीक, गोड… "अहो… करा की… शाणं माझं…"

त्यानं कान हलवले. पोट सैल पडलं. आणि तुमाला सांगतो, अशी धार लागली… माझ्याच पँटवर! समदा दवाखाना हसतोय आणि मी टेबलाला धरून ढसाढसा रडतोय. तसाच ओल्या पँटनं गल्लीत आलो. दारात राजाबाई. पँटकडं बघितलं, आत गेली. शहाळं पाठवलं.

आता बायको परत आलीया. आतनं "अहो!" आलं की आमी दोघंबी मान वर करतो. त्यो फरफटत निघतो. मी बसूनच ऱ्हातो, कारण हाक बहुतेक त्याचीच असती.

कधीमधी माझी असती… त्याचं औषध आणा म्हणून!