काहीही विचारलं तरी नाही

(डोंबिवली. रविवारची संध्याकाळ. शालन कॉम्प्युटरसमोर बसलीय. मुलगा संदेश ठाण्याहून आत्ताच आलाय.)

संदेश : रिस्टार्ट केलेलंस का?

शालन : सगळं करून झालं. वायर काढून पुसली पण. व्हिडिओ कॉलवर मी दिसते, पण माझा आवाज पलीकडे जातच नाही.

संदेश : मग फोनवर बोल ना मामाशी! त्यासाठी मला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधनं इथवर आणायचं?

शालन : केलेला फोन. दादा म्हणतो, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर गप्प बसलीस, आता कशाला तोंड उघडतेस? गप्प? अरे, घसा फोडून सांगत होते मी, आईला वृद्धाश्रमात टाकू नका, मी नेते तिला माझ्याकडे! आणि हा काय म्हणतो, शालनची हरकत दिसत नाही, ठरलं तर मग.

संदेश : तुला त्यांचं ऐकू येत होतं?

शालन : सगळं. म्हणून तर वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करतायत. डोकं फिरलं, मीच बंद करून टाकलं.

संदेश : सरक जरा. हे बघ. ब्राउझरमध्ये माइक ब्लॉक केलायस तू.

शालन : मी कशाला करू?

संदेश : त्याने विचारलं असणार, माइक वापरू का. तू 'नाही' दाबलंस.

शालन : दाबलं! दाबणारच! गणपतीत त्या रमीच्या जाहिराती नाचायला लागल्या, तेव्हा काय ओरडलेलास? तेही पायलसमोर, माझ्या सुनेसमोर? "आई, तुला अक्कल नाही. कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी नाही दाबायचं. काहीही!"

संदेश : अगं, मी जाहिरातींचं बोलत होतो!

शालन : ते मला कसं कळणार? अक्कल नाही ना मला!

संदेश : ...सॉरी. झालं बघ, 'हो' केलंय. पण आई, या वन रूम किचनमध्ये आजीला झोपवणार कुठे?

शालन : माझ्या शेजारी. तू झोपायचास तिथे. जोड आता त्यांना.

संदेश : जोडलं. मामा आहे, बाजूला आजी पण बसलीय. बोल.

शालन : दादा, येतंय का ऐकू?

बाबुराव : येतंय. बरं झालं आलीस. गुरुवारी सोडायचं म्हणतोय आईला आश्रमात.

शालन : कुणी कुठे सोडायचं नाही तिला. आई माझ्याकडे येणार. मागच्या रविवारी पण हेच ओरडत होते मी. माझा माइक बंद होता.

बाबुराव : मग हात तरी हलवायचास! आम्हाला काय स्वप्न पडणार?

केशरबाई : बाबू, मी सांगत होते की रे तुला, शालनचे ओठ हलतायत. तू म्हणालास, आई, तू मध्ये बोलू नकोस.