थेंबाआधीचा हिरवा दिवा

ताई : दिवा आधी हिरवा झाला. रक्ताचा थेंब नंतर पडला.

धाकटा : अगं, सेन्सर फास्ट आहे.

ताई : इतका, की न पडलेला थेंबही तपासतो? आता आत काही घालू नकोस. नुसतं झाकण लाव.

धाकटा : ताई, हे फक्त दाखवायचं यंत्र आहे. खरं अजून—

ताई : लाव.

(झाकण लागल्याचा आवाज.)

ताई : हिरवा. म्हणजे हवेला कावीळ नाही. अभिनंदन.

धाकटा : तुझं नेहमीचंच! उद्या गुंतवणूकदार यंत्र बघायला येणार नाहीत. त्यांना व्हिजन हवंय.

ताई : पळसाला पानं तीनच म्हणतात. तुझ्या कंपन्यांना डबा एकच. कोपऱ्यावरचा हा ओरखडा माझ्या किल्लीचा आहे. पहिल्या कंपनीत तू यातच दुधातली भेसळ ओळखायचास. ती बुडाल्यावर यातच शेतातली माती तपासायला घेतलीस.

धाकटा : बुडाली नाही. दिशा बदलली आम्ही. आणि मातीची कंपनी चक्क विकली मी!

ताई : घेणाऱ्यानं डबा उघडला आणि कंपनीला कुलूप लावलं. तू मात्र तेव्हापासून यशस्वी उद्योजक.

धाकटा : उगीच नाही आलो मासिकाच्या मुखपृष्ठावर.

ताई : हाताची घडी घालून. आईनं तो फोटो फ्रिजवर लावलाय. फ्रिज निदान उघडला की आत गार तरी लागतो.

धाकटा : हस, हस. मग दोन्ही वेळा पांढरा कोट घालून माझ्या शेजारी कशाला उभी राहिलीस?

ताई : धाकटा आहेस म्हणून. दूध ओतून देता येतं, मातीला तक्रार करता येत नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिले.

धाकटा : मग उद्याही तेच कर. बोलू नकोस, नुसती मान डोलाव. पैसे आले की इंजिनिअर बसवतील आत काय हवं ते.

ताई : आधी दिवा, मग यंत्र.

धाकटा : सगळेच असं करतात गं!

ताई : आणि दवाखान्यात पिवळं पडलेलं तान्हं बाळ आलं तर? नर्स हिरवा दिवा बघून त्याच्या आईला सांगेल, काही नाही, घरी न्या.

धाकटा : तू ना, अगदी टोकाचंच बोलतेस.

ताई : ते टोक नाही. त्याच कामासाठी विकतोयस ना हा डबा?

धाकटा : हे बघ, तू दिसली नाहीस तर विचारतील, शास्त्रज्ञ कुठे आहेत? कोटाला इस्त्रीसुद्धा करून आणलीय मी. ये ना. शेवटचं.

ताई : येईन.

धाकटा : हुश्श! घाबरवलंस गं.

ताई : कोट तुझ्याकडेच ठेव. मी समोर बसणार आहे, लोकांत. तू डबा टेबलावर ठेवलास की हात वर करीन आणि म्हणेन, आत काही न घालता झाकण लावून दाखवा.