इसाकचा फोन

रविवारी सकाळी लुंड शहरातल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. एक तरुण मुलगी चढली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"आज रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत का गं, तोवे?"

"पेशींना सुट्टी नसते, गुनवोर. त्यांचं खाणं बदलावं लागतं."

"माझ्या लेकाच्या, इसाकच्या पेशींचंपण?"

"हो. वारायच्या आधी त्यानं अस्थिमज्जा दिली होती ना आम्हाला, त्यातल्या मूळ पेशी आहेत. आता त्यांचं रक्त होतंय."

"लाल?"

"आधी पांढुरकं असतं. हळूहळू लाल होतं. मग प्रत्येक पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते."

"म्हणजे काय टाकते?"

"ती कुणाची, हे ज्यात लिहिलेलं असतं ते."

"मग त्याचं काय उरतं गं?"

"प्राणवायू वाहून न्यायचं काम."

"तो रक्त द्यायचा ना, तेव्हा ते कुणाला चढवलं की त्याच्या फोनवर निरोप यायचा. जेवण टाकून मला दाखवायला यायचा."

"हे रक्त अजून कुणालाच देत नाहीत, गुनवोर. त्याचा निरोप नाही येणार."

"मग लाल झालं की तू पाठव. नंबर तोच आहे. फोन मी रोज चार्ज करते."