सगळ्यात महागडं कोटेशन

(परळमधली जुनी चाळ, तळमजला आणि वर तीन मजले, आता सोसायटी. मधे चौक, तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या. रविवारची दुपार. अध्यक्ष अप्पा गवस आणि त्यांची बायको सुंदरा यांची तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. अप्पा लोखंडी कपाटाला पाठ लावून खुर्चीत. समोर खजिनदार सुनेत्रा.)

सुनेत्रा : म्हणून म्हणते, हितेंद्र यायच्या आधी तुमच्या कानावर घालते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

अप्पा : काय पाहिलंस गो?

सुनेत्रा : बँकेतून सुटले, तर लोअर परळच्या त्या एसी हॉटेलात आपले सेक्रेटरी हितेंद्र आणि चिंदरकर कॉन्ट्रॅक्टर, समोरासमोर. चिंदरकर आपल्या हाताने ह्याच्या ताटात सुरमई वाढत होता. आणि दुरुस्तीची कोटेशनं तेव्हा उघडायचीसुद्धा होती.

अप्पा : जेवलो म्हणून काय झाला? माणूस जेवता.

सुनेत्रा : माणूस जेवतो. सेक्रेटरीने जेवू नये. कोटेशनं फुटायच्या आधी तर नाहीच नाही.

अप्पा : चिंदरकर आपल्याच बाजूचो, देवगडचो. अकरा लाखात गॅलऱ्या, खांब, छप्पर, सगळा करतलो म्हणता. लोकांका परवडता. विषय संपलो.

सुनेत्रा : तिथेच तर विषय सुरू होतो. इमारत तीच, काम तेच. चिंदरकर म्हणतो अकरा. ते मधल्या कोटेशनवाले चोवीस म्हणतात, आणि खाली बारीक अक्षरात लिहितात, 'प्रत्यक्ष कामानुसार वाढ होईल.' म्हणजे त्यांचे चाळीस होणार, ते बाजूला ठेवा. आणि नूपुर सावे बावन्न. अकरा आणि बावन्न, अप्पा! भाजीबाजारातसुद्धा एवढा फरक नसतो. दोघांतलं एक खोटं बोलतंय.

अप्पा : ती बाई बोलता. बावन्न लाख! खांबांका सोन्याचो मुलामो देतली काय?

हितेंद्र : दार उघडंच होतं म्हणून आलो. कोणाला मुलामा देताय?

सुनेत्रा : तुला देऊन झालाय. सुरमईचा.

हितेंद्र : अच्छा, म्हणजे सुरू झालं. सरळ बोल ना. तू काचेतून डोकावत होतीस ते मीपण बघितलंय.

सुनेत्रा : मी डोकावत नव्हते. माझा रोजचा रस्ता आहे तो.

हितेंद्र : हे बघ, फोन त्याने केला. साहेब, जरा भेटू या म्हणाला. गेलो. बिल अर्धं-अर्धं केलं. एवढाच सीन आहे.

सुनेत्रा : दाखव.

हितेंद्र : काय दाखव?

सुनेत्रा : तुझे अर्धे. मोबाइलवरून दिले असशील ना? दाखव.

हितेंद्र : …त्यानेच दिलं सगळं. अगं, मी देत होतो यार. हात धरला त्याने माझा.

सुनेत्रा : आणि हात धरून काय म्हणाला?

हितेंद्र : काय म्हणणार? काम मिळालं तर तुमच्या खोलीत टाइल्स आणि स्लायडिंगच्या खिडक्या, आपल्याकडून भेट.

सुनेत्रा : तू काय म्हणालास?

हितेंद्र : काहीच नाही.

सुनेत्रा : 'काहीच नाही' म्हणजे 'नाही' नव्हे.

हितेंद्र : 'हो'पण नव्हे! आईला धड दिसत नाही, घरातली फरशी उखडलीय, ठेच लागून पडली ती गेल्या महिन्यात. टाइल्स म्हटल्यावर माझी जीभ वळली नाही. बस. आता तू सांग. काल सकाळी शीव कोळीवाड्यात काय करत होतीस?

सुनेत्रा : तुला कोणी सांगितलं?

हितेंद्र : माझी मेव्हणी राहते तिथे. सावेबाईंच्या साइटवर डोक्याला हेल्मेट लावून उभी होतीस म्हणे. म्हणजे मी मासे खाल्ले तर चोर, आणि तू बावन्न लाखवालीकडे गेलीस ती काय तीर्थयात्रा?

अप्पा : गो सुनेत्रा! तू पण?

सुनेत्रा : हो, गेले होते. तिचा चहासुद्धा घेतला नाही.

हितेंद्र : दाखव.

सुनेत्रा : थट्टा पुरे. मी तिला एकच विचारायला गेले होते, बाई, एवढा आकडा आणलात कुठून? ती म्हणाली, मला तुमचं काम नकोच होतं.

हितेंद्र : नको होतं तर कोटेशन कशाला टाकायचं?

सुनेत्रा : मीही तेच म्हटलं. तर म्हणते, 'नाही म्हटलं की लोक घासाघीस करायला पाठी लागतात. आकडा मोठा टाकला की फोन येत नाही. सगळेच टाकतात असा. तुम्हीच पहिल्या, भेटायला आलात.'

अप्पा : नाटकी बाई. सोडा तिका. चिंदरकराक काम देवन टाका आणि मोकळे व्हा.

सुनेत्रा : अप्पा, तिला काम का नको होतं, ते नाही विचारलंत.

अप्पा : माका काय करूचा आसा?

सुनेत्रा : ती ह्या खोलीत येऊन गेली होती. तुम्ही बाजारात होतात. सुंदरामावशींनी दार उघडलं.

हितेंद्र : ह्या खोलीत? काय बोलतेस! इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटवाल्यालासुद्धा ही खोली दिसली नव्हती. कुलूप होतं, अप्पा गावी होते.

सुनेत्रा : त्याच्या आधीचा इंजिनिअर आला, तेव्हाही कुलूपच होतं.

हितेंद्र : एक मिनिट. अप्पा, दोन्ही वेळा ना गणपती होते ना शिमगा. मध्येच गावी कशाला गेला होतात?

अप्पा : माझो गाव! मी कधीय जाईन. तुका विचारून जाव?

सुनेत्रा : अप्पा, कपाट सरकवा.

अप्पा : कित्याक? जड आसा ता. कपडे आसत, भांडी आसत.

हितेंद्र : मी सरकवतो. उठा जरा.

अप्पा : हात लावू नको! माझ्या घरात माझ्या कपाटाक कोणी हात लावचो नाय!

हितेंद्र : एवढं काय त्यात? सुनेत्रा, काय आहे कपाटामागे?

सुनेत्रा : खांब. ह्या कोपऱ्याचा. वरच्या सगळ्या मजल्यांचा भार घेणारा. मावशी तिला म्हणाल्या, रात्रीची मागून रेती गळल्यासारखी वाजते, बघा तरी. दोघींनी मिळून कपाट ढकललं. सावेबाई म्हणाली, प्लास्टर हाताला सुटून आलं. आतल्या सळ्या गंजून पापुद्रे निघालेत.

हितेंद्र : …अप्पा? हे खरं आहे?

अप्पा : जुनी इमारत. थोडाफार असता.

हितेंद्र : थोडंफार? ह्याच्या वर पेडणेकरांची खोली. त्यांच्या वर माझी. आई पलंगावर झोपते ती बरोब्बर ह्या कोपऱ्यात, अप्पा! आणि मी तिच्यासाठी टाइल्सचा विचार करत होतो.

अप्पा : माका म्हायत आसा तुझी आई खय झोपता. मी पण हयच झोपतंय. खांबाक लागून. पडलो तर पयलो माझ्या डोक्यार.

सुनेत्रा : त्याने वरच्यांचं काय भलं होणार? सावेबाई बाहेर पडली तेव्हा तुम्ही तिला दारात गाठलंत. काय सांगितलंत तिला?

अप्पा : तिना सांगला मां तुका?

सुनेत्रा : तिने सांगितलं. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

अप्पा : सांगितलंय, खोली रिकामी होवची नाय. माणसा आत ऱ्हवतली, तू बाहेरसून काय ता कर. तर म्हणता, माणसांच्या डोक्यावर मी भार उचलायचे जॅक लावत नाही. खालपासून वरपर्यंत कोपरो मोकळो करून द्या. म्हटलंय, मगे वाट धर.

हितेंद्र : आणि चिंदरकर?

अप्पा : तो म्हणालो, कपाट असांदे थयच. फुडसून प्लास्टर मारतंय, रंग काढतंय. कोणाक हलूक नको.

हितेंद्र : म्हणून अकरा लाख. तरीच म्हटलं, हा गडी एवढा खूश का!

सुनेत्रा : आणि म्हणून अप्पांना तो आवडला. देवगडचा म्हणून नाही.

अप्पा : तुमका हसू येता. माझो थोरलो भाव भायखळ्याक ऱ्हवायचो. लोक इले, सायबासारखे बोलले. आजोबा, चाळ धोक्याची आसा, थोडे दिवस ट्रान्झिट कॅम्पात चला, नवी बांधून परत आणतो. भाव कपडे आणि देव घेवन गेलो. चाळ पाडल्यानी. थय मोठी बिल्डिंग उभी झाली, दिवे लागले. भाव कॅम्पातच म्हातारो झालो, कॅम्पातच गेलो. वयनी अजून थयच आसा. आता सांगा, कोणाच्या शब्दावर मी ह्या दार सोडू?

हितेंद्र : बिल्डर वेगळा, आपली सोसायटी वेगळी, अप्पा.

अप्पा : सोसायटी म्हणजे कोण? तू मासे खातंस त्याच्याबरोबर. ही गुपचूप जाता तिच्याकडे. एकान तरी दुसऱ्याक विचारल्यान?

सुनेत्रा : अप्पा, ते नंतर बोलू. आधी इथून उठा.

हितेंद्र : थांब, सुनेत्रा. एक सांग. तुला हे काल सकाळी कळलं.

सुनेत्रा : हो.

हितेंद्र : आज दुपार झाली.

सुनेत्रा : मला आधी बघायचं होतं, तुमच्या दोघांत कोणाला काय माहीत आहे. कोण कोणाला सामील आहे.

हितेंद्र : आणि तोपर्यंत आई वर झोपली. पेडणेकरांची तान्ही नात झोपली. तू समोरच्या बाजूला तुझ्या घरात झोपलीस.

सुनेत्रा : झोपले नाही. पण… हो. चुकलं माझं. काल परत आल्यावर सरळ तुझं दार वाजवायला हवं होतं. मला वाटलं, तू चिंदरकरला फोन करशील आणि सगळं झाकलं जाईल.

हितेंद्र : एवढी किंमत माझी?

सुनेत्रा : काल एवढीच होती.

अप्पा : भांडू नको. जा झाला ता झाला.

हितेंद्र : सावेबाईंचा नंबर दे. मी बोलतो.

सुनेत्रा : ती म्हणालीय, बोलावलंत तर लगेच टेकू घेऊन माणसं पाठवते, कामाचा निर्णय नंतर करा. आणि कोपरा रिकामा मिळाला तर तिचा आकडा अर्ध्याहून खाली येईल. बावन्न हा आकडाच नव्हता, अप्पा. ती पळवाट होती.

हितेंद्र : ठीक आहे. मी आधी आईला खाली उतरवतो, पेडणेकरांना सांगतो, सगळ्यात वर शिर्के आहेत त्यांनाही. फोन जिन्यातूनच लावतो. पण ठेवायचं कुठे सगळ्यांना?

सुनेत्रा : इथेच. समोरच्या बाजूला. पेडणेकर त्यांच्या भावाकडे दुसऱ्या मजल्यावर, शिर्के ऑफिसच्या खोलीत. तुझी आई आणि अप्पा-मावशी माझ्याकडे. कोणी चाळीच्या गेटबाहेर जायचं नाही. एकही माणूस नाही.

हितेंद्र : तुझ्या दोन खोल्यांत?

सुनेत्रा : माझ्या दोन खोल्यांत. तू बाहेर गॅलरीत झोप. तुझ्यावर नजर राहील.

हितेंद्र : राहू दे. मी चाललो. अप्पा, तुम्ही निघा आधी. शपथ आहे.

सुनेत्रा : चला अप्पा. औषधं आणि मावशींचं काय लागेल तेवढं घ्या. बाकीचं नंतर आणू. मावशी कुठे आहेत?

अप्पा : लेकीकडे गेली. संध्याकाळी येतली. तिका काय सांगू? इतकी वर्सा मी तिका म्हटलंय, गप ऱ्हव, खांबाचा नाव काढू नको.

सुनेत्रा : त्यांनीच दार उघडलं होतं, अप्पा. त्या समजून घेतील.

अप्पा : हां. तिनाच उघडल्यान… गो, मी येतंय. पण कुलूप मी लावतलंय.

सुनेत्रा : लावा.

अप्पा : आणि चावी माझ्या खिशात. कमिटीत नाय, तुझ्याकडे नाय. त्या बाईची माणसा इली की मी येवन उघडतलंय, सांजवेळेक मीच लावतलंय.

सुनेत्रा : तुम्हीच लावा. पण टेकू बसेपर्यंत उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं.

अप्पा : तुझ्या गॅलरीतसून माझो दरवाजो दिसता?

सुनेत्रा : अगदी समोर. पूर्ण दिसतो.

अप्पा : मगे माझी खुर्ची थय ठेव.