परातीची छत्री

तुम्ही कधी निरपराध माणसावर आळ घेतला आहे का? माझ्या धाकट्या भावाने, सुरेशने घेतला आणि मी ऐकून घेतले, म्हणून विचारतो.

फुलपाड्याच्या आमच्या घरी त्याने डिशवॉशर आणला. पहिल्याच आठवड्यात, ऐन विनायकी चतुर्थीला, नैवेद्याचे ताट त्यातून आमटीच्या डागांसह निघाले. सुरेश भडकला. बारा वर्षे आमची भांडी घासणाऱ्या शालूताई समोरच होत्या.

"काम जाईल म्हणून तुम्हीच मशीन बिघडवलंत. उद्यापासून येऊ नका."

त्या शांतपणे म्हणाल्या, "जाते, भाऊ. पन आधी ते उघडून दाखवा."

सुरेशने मशीनचे दार उघडले. खालच्या जाळीत कणकेची परात आडवी पालथी घातलेली होती आणि वाट्या एकीत एक बसवलेल्या होत्या.

"पानी कुठून येतं?"

"खालून. पंखा फिरतो, फवारा उडतो," सुरेश म्हणाला.

"मग परातीनं छत्री धरलीय की! वरची ताटं भिजनार कशी? भांडी लावली कोनी?"

लावली होती सुरेशनेच. भांडी लावताना तो कोणालाही जवळ येऊ देत नसे.

शालूताईंनी परात बाहेर काढली, वाट्या सुट्या करून पालथ्या मांडल्या. ताट आत ठेवून मशीन पुन्हा लावले; दोन तासांनी ते लख्ख निघाले. देवापुढे ते ठेवताना माझ्या मनावरचे ओझे उतरले.

"शालूताई, येत राहाल ना?" मी हात जोडून विचारले.

"येईन. पन ही परात आज भाऊ घासतील."

त्या खुर्चीवर बसून चहा पीत राहिल्या. "भाऊ, कडेला कनीक राहिली," असे त्यांनी तीनदा म्हटले आणि सुरेशने ती परात तीनदा घासली.