आजीला दिलेला शब्द

जवळ सरका, कीर्तन उभं राहायला वेळ आहे, तोवर काल कानावर आलेली गोष्ट सांगते. कात्रपला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेक बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकत होती.

“सगळे ओ-बीवरूनच कसे गं?”

“एकत्र केले की सोपे जातात, पप्पा. आणि एकेक शब्द मी घरातल्या माणसाला देऊन टाकते. ऑब्सिक्वियस, साहेबाच्या पुढे पुढे करणारा. तो महेंद्रमामाला.”

“बरोबर दिलास. पुढचा?”

“ऑब्ड्युरेट. काही केल्या न विरघळणारा.”

“तो तुझ्या काकाला दे.”

“तुम्हाला दिलाय. भांडण काकांशी, आणि ती त्यांच्याकडे राहते म्हणून तुम्ही आजीलाही भेटत नाही.”

“अभ्यास कर.”

“ऑब्लिव्हियन. सगळ्याचा विसर पडणं. तो आजीला. परवा उल्हासनगरला गेले, तर तिने मला ओळखलं नाही.”

“मला ओळखेल?”

“तुमचंच नाव. नरू जेवला का, एवढंच विचारत होती.”

“चल, ऊठ.”

“पप्पा, दाढ?”

“दुखू दे. आधी उल्हासनगर.”

मंडळी, आज नाम घ्याल तेव्हा त्या माउलीचीही आठवण असू द्या.